काळ्या खिडकीतून फाइल सर्व्हरवर: एसएफटीपी वापरायची सविस्तर पद्धत

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा (एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा) छापखान्याकडे जायचा असतो तेव्हा गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि फाइल असते एक-सव्वा जीबीची. मेलवरून ती जात नाही. पेन ड्राइव्ह देऊन माणूस पाठवावा, तर संध्याकाळच्या गर्दीत लोअर परळला जाऊन येण्यात दीड-दोन तास सहज जातात. म्हणून छापखान्याने एक फाइल सर्व्हर ठेवलाय आणि आम्ही त्यावर एसएफटीपीने, म्हणजे नेटवरून सुरक्षितपणे फाइल पाठवायच्या पद्धतीने, पानं चढवतो. माऊसने ओढून फाइल टाकायचे प्रोग्राम आहेत. फाइलझिला आणि विनएससीपी हे त्यातले चांगले. तरीही आमच्याकडे कामाला येणाऱ्या नव्या मुलांना मी आधी कमांड लाइनची, म्हणजे काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायची, पद्धत शिकवतो. तिच्यात आपण काय केलं ते ओळीओळीने समोर राहतं. रात्री अकरा वाजता छापखान्यातून 'फाइल आलीच नाही' असा फोन आला, तर खिडकी वर सरकवून काय झालं ते वाचता येतं.

वाचण्यापूर्वी एक खूणगाठ. फोनवरून एखाद्याला सांगावं तशा सगळ्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत करायच्या. 'एलएस' म्हणजे एल आणि एस ही दोन अक्षरं मध्ये जागा न सोडता. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी 'मोठी' असं मुद्दाम म्हटलंय, आणि तिथे चूक करून चालत नाही.

सर्व्हर आभासी म्हणजे काय

आपण ज्याला सर्व्हर म्हणतो ते हल्ली बहुधा स्वतंत्र यंत्र नसतं. चाळीत एकाच इमारतीत अनेक बिऱ्हाडं असतात, प्रत्येकाचं दार आणि कुलूप वेगळं, जिना आणि पाण्याची टाकी सामाईक. तसंच एका मोठ्या संगणकात सॉफ्टवेअरने अनेक 'यंत्रं' पाडलेली असतात आणि त्यातलं एक तुमच्या छापखान्याने भाड्याने घेतलेलं असतं. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपलं डेटा सेंटरचं केंद्र सुरू केलं, तेव्हापासून असं भाड्याचं यंत्र मुंबईतच घेणं सोपं झालं.

त्या यंत्रावर तुमच्या वाट्याला येणारं फोल्डरही एका अर्थी आभासीच. आत गेल्यावर तुम्हाला वरची पायरी म्हणून नुसती एक तिरकी रेघ दिसते, जणू सर्व्हर तिथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात ते सर्व्हरच्या पोटातलं एखादं फोल्डर असतं आणि तुम्हाला त्याच्याबाहेरचं काही दिसू नये अशी भिंत घातलेली असते. ओपनएसएसएचमध्ये (एसएफटीपी चालवणाऱ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये) ही भिंत असेल तर त्या सर्वांत वरच्या जागेत लिहिण्याची परवानगी वापरणाऱ्याला नसतेच, तसा नियमच आहे. पहिल्या दिवशी 'परमिशन डिनाइड' दिसतं ते बऱ्याचदा यामुळे. आतल्या नेमून दिलेल्या फोल्डरात गेलात की काम होतं.

नावामुळे होणारा एक घोटाळा इथेच सोडवतो. एफटीपी आणि एसएफटीपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आणि तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. एका भारतीय इंजिनिअरने घालून दिलेली ही पद्धत अर्धशतक टिकली याचा मला खरोखर अभिमान वाटतो. पण मूळ एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. एसएफटीपीचं घराणं वेगळं, ते एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या संगणकाशी कुलूपबंद जोडणी करणाऱ्या पद्धतीच्या, सुरक्षित वाटेने चालतं. एसएसएच फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिलं आणि त्याला २२ क्रमांकाचं पोर्ट (सर्व्हरवरचं क्रमांकाचं दार) मागून घेतलं, कारण एफटीपीचं २१ आणि टेलनेट या दूरच्या संगणकात शिरायच्या जुन्या पद्धतीचं २३ यांच्यामधलं ते रिकामं होतं. तेव्हा कुणी 'एफटीपीचे डिटेल्स' पाठवले तर पोर्ट २१ आहे की २२ ते आधी बघा. २१ असेल तर खाली सांगितलेलं काही चालणार नाही.

आधी मागून घ्या

सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून पाच गोष्टी लेखी घ्या: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, तुमचं युजरनेम, फाइल नेमकी कुठल्या फोल्डरात टाकायची ते, आणि सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ. पहिल्या चार सगळेच देतात. पाचवी मागितली की समोरचा जरा थबकतो, पण ती घ्याच. तिचं काम पुढे येतंय.

क्लायंट आणि किल्ली

क्लायंट म्हणजे आपल्या संगणकावरचा, सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम. मॅक आणि लिनक्सवर एसएफटीपी आधीपासून असतं. विंडोज १० मध्ये ते २०१८ पासून सोबत येतं. नसेल तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून ओपनएसएसएच क्लायंट घालून घ्या. टर्मिनल (विंडोजवर पॉवरशेल), म्हणजे ती काळी खिडकी, उघडून 'एसएसएच', जागा, डॅश, मोठी व्ही टाइप करा. आवृत्तीचा आकडा आला की तयारी झाली.

आता किल्ली. पासवर्डने आत जाता येतं, पण पासवर्ड व्हॉट्सॲपवर फिरतो, वहीत लिहिला जातो, सोडून गेलेल्या माणसाला पाठ असतो. किल्ली ज्याची त्याची. कमांड अशी:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

किल्ली कुठे ठेवू असं ती विचारेल, तिथे नुसतं एंटर दाबा. मग पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, मागेल. तो टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजून लोक इथे खिडकी बंद करतात. बिघडलेलं काही नसतं. शांतपणे टाइप करा आणि एंटर दाबा.

यातून दोन फाइली तयार होतात. जिच्या नावाच्या शेवटी 'डॉट पब' आहे ती कुलूप, ती सर्व्हरवाल्याला खुशाल मेल करा. शेपूट नसलेली ती किल्ली. ती कुणालाही द्यायची नाही: छापखान्याला नाही, संपादकांना नाही, मदत करायला आलेल्या मित्रालाही नाही. दुसऱ्या माणसाला प्रवेश हवा असेल तर तो आपली किल्ली बनवेल.

पहिली भेट

उदाहरणादाखल युजरनेम 'मांडणी' आणि पत्ता 'एक्झाम्पल डॉट कॉम' धरू.

एसएफटीपी मांडणी@एक्झाम्पल.कॉम

पोर्ट २२ सोडून दुसरं असेल तर 'एसएफटीपी' या शब्दानंतर डॅश, मोठी पी आणि पोर्टचा आकडा घालायचा. एसएसएच कमांडमध्ये हीच पी छोटी लागते. एसएफटीपीत मात्र छोट्या पीचा अर्थ वेगळा आहे: फाइलची मूळ तारीख-वेळ जपणं.

पहिल्याच जोडणीला क्लायंट एक लांबलचक ओळ दाखवतो. 'एसएचए२५६' आणि पुढे ४३ अक्षरं. खाली विचारतो, या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का? बहुतेक जण न वाचता 'येस' लिहितात. तसं करू नका. मगाशी मागून घेतलेला फिंगरप्रिंट काढा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. २०१९ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये याहून सोपी सोय आहे: 'येस'च्या जागी तो फिंगरप्रिंटच कॉपी करून चिकटवा. जुळला तर क्लायंट पुढे जातो, नाही जुळला तर अडतो. डोळ्यांवर भिस्त ठेवायची गरजच उरत नाही.

एखाद्या दिवशी याच ठिकाणी 'सर्व्हरची ओळख बदलली आहे' असा मोठ्या अक्षरांतला इशारा येईल. आभासी यंत्र नव्याने उभारलं की असं होतं, आणि कुणी मध्ये घुसलं असेल तरीही असंच होतं. दोन्हींतलं कोणतं ते पडद्यावरून कळत नाही. सर्व्हरवाल्याला फोन करा, नवा फिंगरप्रिंट घ्या, मग 'एसएसएच-कीजेन', डॅश मोठी आर आणि पत्ता अशी कमांड देऊन जुनी नोंद काढा. फोन व्हायच्या आत काही चढवू नका.

एका वेळी दोन फोल्डर

आत गेल्यावर 'एसएफटीपी>' असा फलक दिसतो. माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे सुरू होते, म्हणून जरा थांबतो. या क्षणी तुम्ही दोन ठिकाणी उभे आहात: सर्व्हरवरच्या एका फोल्डरात आणि तुमच्या स्वतःच्या संगणकावरच्या एका फोल्डरात. चुकीची फाइल जाणं, फाइल 'सापडत नाही' म्हणणं, भलतीकडे उतरणं, यातल्या बहुतेक चुका या दोनांपैकी एका जागेचा विसर पडल्याने होतात.

सर्व्हरवर कुठे आहे ते 'पीडब्ल्यूडी' सांगते, तिथे काय आहे ते 'एलएस' दाखवते, आणि 'सीडी' दुसऱ्या फोल्डरात नेते. याच तिन्ही कमांडच्या आधी एक एल लावला की त्या तुमच्या संगणकाबद्दल बोलतात: एलपीडब्ल्यूडी, एलएलएस, एलसीडी. एल म्हणजे लोकल. आमच्याकडचा एक मुलगा 'लोकलचा एल, आपल्या बाजूचा एल' असं पुटपुटत शिकला आणि पुन्हा कधी चुकला नाही. मी आजही फाइल चढवण्याआधी न चुकता या दोन ओळी देतो:

एसएफटीपी> पीडब्ल्यूडी
एसएफटीपी> एलपीडब्ल्यूडी

दोन सेकंद लागतात. उत्तरं वाचायची, मगच पुढे.

चढवणं आणि उतरवणं

'पुट' म्हणजे इथून तिथे, 'गेट' म्हणजे तिथून इथे. अख्खं फोल्डर असेल तर डॅश छोटी आर. नावात मोकळी जागा असेल तर नाव दुहेरी अवतरणात घाला, नाहीतर क्लायंटला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. सर्व्हर लिनक्सचा असेल तर मोठ्या आणि छोट्या अक्षरांची नावं वेगळी मानली जातात, हेही ध्यानात असू द्या.

मोठा धोका पुढे आहे. त्याच नावाची फाइल सर्व्हरवर आधीपासून असेल तर पुट ती न विचारता पुसून नवी लिहितं. 'खात्री आहे का' असं विचारणारी चौकट इथे येत नाही. शिवाय तुमची फाइल अर्धी चढलेली असताना छापखान्यातल्या माणसाने ती उचलली तर त्याच्या हाती अर्धंच बाड लागतं. दोन्हींवर उपाय म्हणून आम्ही फाइल आधी कच्च्या नावाने चढवतो आणि पूर्ण झाली की नाव बदलतो:

एसएफटीपी> एलएस -एल
एसएफटीपी> पुट फर्मा०४.पीडीएफ फर्मा०४.अर्धी
एसएफटीपी> रीनेम फर्मा०४.अर्धी फर्मा०४.पीडीएफ

'अर्धी' शेपटीची फाइल उचलायची नाही, एवढं छापखान्याशी ठरवून घेतलंय. पहिली एलएस त्या नावाचं आधी काही पडलेलं आहे का ते पाहण्यासाठी. रीनेमसुद्धा ओपनएसएसएचच्या सर्व्हरवर जुन्या फाइलवर गुपचूप लिहू शकतं.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. १.२ जीबी म्हणजे साधारण १२०० एमबी, बिटमध्ये ९६०० मेगाबिट. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर १६ मिनिटं. इंटरनेटच्या जाहिरातीत ठळक असतो तो डाउनलोडचा वेग. आपल्याला अपलोडचा लागतो. तेवढ्या वेळात बाकीच्यांचं काम अडू नये म्हणून जोडणी करतानाच डॅश छोटी एल आणि किलोबिटमधला आकडा देता येतो. ८००० दिलं तर तीच फाइल २० मिनिटांत जाते, आणि शेजारच्या टेबलावरचा व्हिडिओ कॉल तुटत नाही.

तुटलेलं पुढे नेणं

जोडणी मध्येच तुटली तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. 'रीपुट' सर्व्हरवर किती बाइट पोचले ते बघतं आणि तिथून पुढचं चढवतं. उतरवण्यासाठी 'रीगेट'. फार कामाची गोष्ट आहे ही, आणि तिनेच मला माझा सर्वांत वाईट दिवस दाखवला.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी घरून काम करत होतो. राउटर बंद पडला आणि अंकाची फाइल निम्म्यावर अडकली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. त्या रिकाम्या वेळात संपादकांनी फोनवर दोन दुरुस्त्या सांगितल्या, मी त्या केल्या आणि पीडीएफ पुन्हा काढली, त्याच नावाने. वीज आल्यावर रीपुट केलं. शंभर टक्के झालं, आकारही जुळला. रात्री छापखान्यातून फोन: फाइल उघडत नाही. पहिला अर्धा भाग सकाळच्या फाइलचा आणि दुसरा अर्धा दुपारच्या फाइलचा, असं काहीतरी तिथे शिवलं गेलं होतं. त्या रात्रीची आमची छपाईच्या प्लेट बनवायची पाळी गेली.

रीपुट फक्त लांबी बघतं, आतला मजकूर तोच आहे का हे तपासत नाही. तसं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलंही आहे. म्हणून आमच्याकडे तेव्हापासून नियम आहे: दुरुस्ती झाली की फाइलच्या नावात नवा आकडा, आणि रीपुट त्याच न बदललेल्या फाइलसाठी. शंका असेल तर सरळ पहिल्यापासून पुट.

तीच फाइल पोचली का

आकार जुळणं पुरेसं नाही हे वर आलंच. खात्रीसाठी एसएचए२५६ काढा. फाइलमधला एक बिट बदलला तरी हा ६४ अक्षरांचा आकडा पार बदलतो. विंडोजवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', फाइलचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६'; मॅकवर 'शासम -ए २५६'; लिनक्सवर 'एसएचए२५६सम'. आलेला आकडा जसाच्या तसा छापखान्याला पाठवा आणि त्यांच्या बाजूने काढायला सांगा. फक्त एसएफटीपीची परवानगी असलेल्या खात्यातून सर्व्हरवर दुसऱ्या कमांड चालवता येत नाहीत, त्यामुळे हे काम त्यांनीच करावं लागतं. ते करायला तयार नसतील तर फाइल दुसऱ्या फोल्डरात 'गेट' करून परत आणा आणि तिचा आकडा काढा. वेळ जातो, पण कव्हर आणि जाहिरातींच्या पानांसाठी मी तो घालवतो.

मराठीत नाव दिलं तर

फाइलला मराठी नाव द्यावंसं वाटतं, मलाही वाटतं. चालतंही, पण दोन खाचखळगे माहीत हवेत. पहिला लांबीचा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'दिवाळी' या एका शब्दाचे १८ बाइट होतात. ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं.

दुसरा खास आपला आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. मॅकची जुनी फाइल सिस्टिम नावं दुसऱ्या प्रकाराने ठेवायची, इतरत्र बहुधा पहिला प्रकार सापडतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी. मग सर्व्हरवर 'दुसऱ्या-भागाची-पानं' नावाच्या फाइली शेजारीशेजारी दोन दिसतात, किंवा समोर दिसणाऱ्या फाइलीचं नाव टाइप केल्यावर 'सापडत नाही' असं उत्तर येतं. यावर अर्धा दिवस घालवल्यानंतर मी ठरवलं: वाहतुकीच्या फाइलीचं नाव रोमन छोट्या अक्षरांत, आकडे आणि डॅश, बस. अंकाच्या आत हवं तेवढं मराठी आहेच.

अडलं तर

'टाइम्ड आउट' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत: पत्ता चुकला, किंवा मधल्या फायरवॉलने अडवलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा. तिथून झालं तर दोष कार्यालयाच्या नेटमध्ये. 'रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा दारापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. 'परमिशन डिनाइड' आणि पुढे 'पब्लिककी' असेल तर सर्व्हरने तुमचं कुलूप ओळखलं नाही. युजरनेमचं स्पेलिंग आधी बघा. किल्ली 'अनप्रोटेक्टेड' असल्याची तक्रार आली तर तिच्या फाइलची परवानगी फक्त तुमच्यापुरती ठेवा, मॅक-लिनक्सवर 'सीएचमॉड ६००'.

चहा पिऊन येईपर्यंत जोडणी तुटते, ही नेहमीची तक्रार. त्याचा उपाय पुढच्याच फाइलमध्ये बसतो.

रोजचं काम

तुमच्या 'डॉट एसएसएच' फोल्डरात (किल्ली ठेवली गेली तेच) 'कॉन्फिग' नावाची साधी मजकुराची फाइल करा. शेवटी कुठलीही शेपटी नको. नोटपॅड गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लावतो, ते काढा. आत या ओळी:

होस्ट छापखाना
होस्टनेम एक्झाम्पल.कॉम
युजर मांडणी
पोर्ट २२
सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०

शेवटच्या ओळीमुळे दर ६० सेकंदांनी सर्व्हरची विचारपूस होत राहते, आणि नुसतं बसून राहिल्यामुळे तुटणारी जोडणी सहसा तुटत नाही. आता एवढंच लिहायचं: एसएफटीपी छापखाना.

रोज ठरावीक वेळी ठरावीक फाइली जात असतील तर कमांड एका मजकुराच्या फाइलमध्ये ओळीने लिहा आणि डॅश छोटी बी देऊन ती फाइल एसएफटीपीच्या हवाली करा. या पद्धतीत पासवर्ड विचारायला कुणी समोर नसतं, त्यामुळे किल्ली हवीच, आणि पासफ्रेज एसएसएच-एजंटकडे, म्हणजे उघडलेली किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, आधी देऊन ठेवायची. पुट किंवा रीनेम फसलं की अख्खी यादी तिथेच थांबते, आणि ते चांगलंच आहे: अर्धी फाइल पूर्ण नावाने पुढे जात नाही. एखादी ओळ फसली तरी चालेल असं असेल, उदाहरणार्थ आधीपासून असलेलं फोल्डर पुन्हा बनवणं, तर त्या ओळीच्या आधी एक डॅश ठेवा. आमची रात्रीची यादी अशी दिसते:

-एमकेडीआयआर फर्मे
सीडी फर्मे
एलसीडी तयार
पुट फर्मा०५.पीडीएफ फर्मा०५.अर्धी
रीनेम फर्मा०५.अर्धी फर्मा०५.पीडीएफ
एलएस -एल
बाय

शेवटून दुसऱ्या ओळीने दिलेली यादी, त्यातल्या आकारांसकट, मी कॉपी करून छापखान्याच्या माणसाला पाठवतो, सोबत एसएचए२५६. त्याच्याकडून 'जुळलं' असं उत्तर आलं की मगच खिडकी बंद करतो.